पेशी प्रथिने कशी तयार करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील अनेक मराठी घरांत मुलांचे शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून होते, मात्र अभ्यासाविषयीचे बोलणे घरी मराठीतच चालते. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रातील प्रथिननिर्मितीचे प्रकरण अशा बोलण्यात हमखास अडते. संज्ञा पाठ होतात, आकृतीही काढता येते, पण कोणत्या टप्प्यावर काय ठरते हे आईवडिलांनी विचारले की उत्तर येत नाही. विद्यार्थी, पालक आणि काही चिकित्सक आजी-आजोबा यांच्याकडून सतत येणारे प्रश्न पुढे घेतले आहेत. पाठ्यपुस्तके जिथे भरभर पुढे जातात तिथे आम्ही मुद्दाम थांबलो आहोत, आणि जे त्यांत नीट सांगितलेले असते ते थोडक्यात आटोपले आहे.

प्रथिन म्हणजे नेमके काय? पेशीला ते स्वतःच का तयार करावे लागते?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एकामागून एक जोडलेली, फाटे न फुटलेली साखळी. सजीवांत साधारणपणे 20 प्रकारची अमिनो आम्ले वापरली जातात. त्यांचा क्रम बदलला की साखळीची घडी बदलते आणि घडी बदलली की तिचे काम बदलते. रक्तातील हिमोग्लोबिन, पचनासाठी लागणारी विकरे (एन्झाइम), स्नायूंतील मायोसिन, केसांतील केराटिन, रोगप्रतिकारक प्रतिपिंडे ही सगळी प्रथिनेच आहेत. आपण खाल्लेले प्रथिन जसेच्या तसे पेशीत पोहोचत नाही. पचनसंस्था त्याचे तुकडे करून सुटी अमिनो आम्ले आणि अगदी लहान साखळ्या शोषून घेते. पेशीला हवे असलेले प्रथिन बाहेरून तयार मिळत नाही म्हणून तिला ते प्रत्येक वेळी नव्याने, ठरलेल्या क्रमाने जोडावे लागते.

हा क्रम कोठे लिहिलेला असतो आणि तो प्रथिनापर्यंत कसा पोहोचतो?

क्रम डीएनएच्या रेणूत, जनुकांच्या रूपाने असतो. प्रथिनांची माहिती देणारी सुमारे 20,000 जनुके माणसात आहेत. मात्र डीएनएवरून प्रथिन थेट तयार होत नाही. आधी हव्या त्या जनुकाची आरएनएच्या रूपात प्रत काढली जाते, तिला प्रतिलेखन म्हणतात. या प्रतीला एमआरएनए म्हणजे संदेशवाहक आरएनए असे नाव आहे. नंतर रायबोसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने जोडणारे सूक्ष्म यंत्र, ही प्रत तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचतो आणि त्यानुसार अमिनो आम्ले जोडली जातात, त्याला भाषांतरण म्हणतात. डीएनएतील ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी टी ऐवजी आरएनएमध्ये यू हे अक्षर येते.

या दोन टप्प्यांतला फरक परीक्षेपुरता नाही, तो मुळातला आहे. प्रतिलेखनात अक्षरासमोर अक्षर येते, एसमोर यू आणि जीसमोर सी, आणि ते एकमेकांशी रासायनिकदृष्ट्या जुळतात. भाषांतरणात मात्र तीन अक्षरे आणि एक अमिनो आम्ल यांच्यात अशी कोणतीही थेट जुळणी नसते. ही दरी पेशी कशी ओलांडते, हाच या विषयाचा गाभा आहे. त्याकडे आपण दोन प्रश्नांनंतर येऊ.

केंद्रकात काढलेली प्रत लगेच वापरली जाते का?

जिवाणूंमध्ये होय. तिथे केंद्रकच नसल्यामुळे प्रत पूर्ण होण्याआधीच रायबोसोम तिच्या सुरुवातीच्या टोकावर वाचायला लागतात. आपल्या पेशींत मात्र केंद्रकातील कच्च्या प्रतीतून मधले निरुपयोगी तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापून टाकले जातात आणि उरलेले भाग सांधले जातात. शिवाय एका टोकाला रासायनिक टोपी आणि दुसऱ्या टोकाला ए अक्षरांचे लांब शेपूट लावून मगच ती प्रत केंद्रकाबाहेर सोडली जाते. जनुके अशी तुकड्यांत असतात हे 1977 मध्ये उघड झाले. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना त्यासाठी 1993 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीनच अक्षरांचा गट का? आणि कोणत्या गटाचा अर्थ काय, हे कोणी शोधले?

हिशेब सोपा आहे. चार अक्षरांपासून दोन-दोनाचे गट केले तर 16 होतात आणि ते 20 अमिनो आम्लांना पुरत नाहीत. तीन-तीनाचे केले तर 64 होतात. त्यांपैकी 61 गट अमिनो आम्ले दर्शवतात आणि यूएए, यूएजी व यूजीए हे तीन थांबण्याची खूण म्हणून काम करतात. या गटांना कोडॉन म्हणतात. सुरुवातीची खूण बहुतेक ठिकाणी एयूजी ही असते आणि तिचा अर्थ मेथिओनिन असाही होतो. गट जास्त आणि अमिनो आम्ले कमी असल्यामुळे ल्युसिन, सेरिन आणि आर्जिनिन यांच्या वाट्याला प्रत्येकी सहा कोडॉन आले आहेत, तर मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकेकच मिळाला आहे.

कोडॉनचा पहिला अर्थ 1961 मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी लावला. त्यांनी फक्त यू या अक्षराचा बनलेला कृत्रिम आरएनए जिवाणूंच्या पेशीरसात टाकला आणि त्यातून फक्त फिनिलॲलानिनची साखळी तयार झाली. म्हणजे यूयूयूचा अर्थ फिनिलॲलानिन. पुढे अविभाजित पंजाबात मुलतान जिल्ह्यातील रायपूर गावी जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रम पुन:पुन्हा येणारे आरएनए रासायनिक पद्धतीने बनवून अनेक कोडॉनांचे अर्थ पक्के केले. यूसीयूसी असा क्रम सतत दिला की त्यात यूसीयू आणि सीयूसी हे दोन कोडॉन आलटून पालटून येतात आणि साखळीतही सेरिन व ल्युसिन आलटून पालटून येतात. 1966 पर्यंत संपूर्ण तक्ता तयार झाला. निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना 1968 चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. तयार तक्ता पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एक-दोन चौकटी प्रयोगावरून कशा भरल्या गेल्या हे समजून घ्यावे. पाठांतरही मग हलके होते.

कोणत्या कोडॉनला कोणते अमिनो आम्ल लावायचे, हे रायबोसोमला कसे कळते?

हे रायबोसोमला कळतच नाही. बहुतेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण पुस्तकातील आकृतीत सारे काही रायबोसोमच्या पोटात घडताना दिसते. प्रत्यक्षात निर्णय त्याआधीच, पेशीरसात, झालेला असतो.

मध्यस्थाचे काम टीआरएनए म्हणजे वाहक आरएनए करतो. हा साधारण 76 अक्षरांचा छोटा रेणू एल या रोमन अक्षरासारखा वळलेला असतो. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे असतात, त्यांना प्रतिकोडॉन म्हणतात. दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल जोडले जाते. असा कोणी मध्यस्थ रेणू असलाच पाहिजे, असा तर्क फ्रान्सिस क्रिक यांनी 1955 मध्ये, तो रेणू हाती लागण्यापूर्वीच, मांडला होता. पण योग्य टीआरएनएवर योग्य अमिनो आम्ल कोण चढवते? ते काम अमिनोॲसिल टीआरएनए सिंथेटेज या विकरांच्या गटाचे आहे. बहुतेक सजीवांत प्रत्येक अमिनो आम्लासाठी असे एक स्वतंत्र विकर असते. ते एका बाजूने अमिनो आम्ल ओळखते, दुसऱ्या बाजूने टीआरएनए ओळखते आणि एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा खर्च करून दोघांना जोडते. कोडचा शब्दकोश जर कुठे असेल तर तो या विकरांत आहे.

रायबोसोम अमिनो आम्ल तपासत नाही याचा पुरावा 1962 मधील एका देखण्या प्रयोगातून मिळाला. संशोधकांनी सिस्टीनच्या टीआरएनएवर सिस्टीन चढवले आणि मग त्याला न सोडवता रासायनिक क्रियेने त्या सिस्टीनचे ॲलानिन करून टाकले. आता टीआरएनए सिस्टीनचा होता, पण त्यावर ॲलानिन बसले होते. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी मुकाट्याने ॲलानिन जोडले. त्याने प्रतिकोडॉन आणि कोडॉन यांची जुळणी पाहिली, त्यापलीकडे काही नाही.

म्हणूनच या विकरांची अचूकता फार महत्त्वाची ठरते. आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांच्यात फक्त एका कार्बनचा, म्हणजे एका सीएच-टू गटाचा फरक आहे. आयसोल्युसिनचे विकर कधी कधी चुकून व्हॅलिन उचलते. पण त्याच विकरात दुसरी एक जागा असते, जिथे व्हॅलिन शिरू शकते आणि थोडे मोठे असलेले आयसोल्युसिन शिरू शकत नाही. तिथे शिरलेले व्हॅलिन तोडून टाकले जाते. एकदा निवडायचे आणि एकदा तपासायचे, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. आमच्या मते संपूर्ण प्रकरणात याहून अधिक लक्ष देण्याजोगा टप्पा नाही. शालेय पुस्तकांत मात्र त्याला एखाद्या परिच्छेदापेक्षा जास्त जागा मिळत नाही.

मग रायबोसोम नेमके काय करतो?

रायबोसोमचे दोन भाग असतात. लहान भाग एमआरएनए धरून ठेवतो आणि कोडॉन-प्रतिकोडॉनची जुळणी पारखतो, तर मोठा भाग अमिनो आम्लांमधील पेप्टाइड बंध जोडतो. आत टीआरएनएसाठी तीन जागा असतात आणि त्यांना ए, पी आणि ई अशी नावे आहेत. नवा टीआरएनए आपले अमिनो आम्ल घेऊन ए जागेत येतो. पी जागेतील टीआरएनएवर आतापर्यंत तयार झालेली साखळी लटकलेली असते. ही संपूर्ण साखळी पी जागेतून सुटून ए जागेतील अमिनो आम्लावर येते, उलट दिशेने नाही. इथे विद्यार्थी नेहमी गोंधळतात. मग रायबोसोम एमआरएनएवर तीन अक्षरे पुढे सरकतो. साखळी बाळगणारा टीआरएनए आता पी जागेत येतो, मोकळा झालेला ई जागेतून बाहेर पडतो आणि ए जागा पुढच्यासाठी रिकामी होते. याला स्थानांतरण म्हणतात. थांबण्याचा कोडॉन आला की त्याच्याशी जुळणारा टीआरएनए नसतो. त्याऐवजी मोचक प्रथिन त्या जागेत शिरते आणि पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने साखळी सोडवली जाते.

हे सारे फुकट होत नाही. अमिनो आम्ल टीआरएनएवर चढवताना एटीपीचे दोन आणि रायबोसोमवर दोन जीटीपींचे (एटीपीसारखाच ऊर्जा देणारा रेणू) मिळून दोन, असे साखळीतील प्रत्येक अमिनो आम्लामागे निदान चार उच्चऊर्जा फॉस्फेट बंध खर्ची पडतात. वेगाने वाढणाऱ्या जिवाणूच्या ऊर्जेचा मोठा वाटा या एका कामात जातो.

एक एमआरएनए एकाच वेळी अनेक रायबोसोम वाचत असतात. वारीत एकाच वाटेवरून एकामागोमाग दिंड्या चालतात तसे ते ठरावीक अंतराने पुढे सरकतात, आणि वाटेत प्रत्येकाची साखळी वेगवेगळ्या लांबीची झालेली असते. अशा समूहाला पॉलिसोम म्हणतात.

रायबोसोम स्वतः प्रथिनांचाच बनलेला असतो ना? मग पहिले प्रथिन कोणी बनवले?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रायबोसोमच्या रचनेतच दडलेले होते. जिवाणूच्या रायबोसोमच्या वस्तुमानात सुमारे दोन तृतीयांश वाटा आरएनएचा आणि एक तृतीयांश प्रथिनांचा असतो. पूर्वी असे समजत की काम प्रथिने करतात आणि आरएनए केवळ सांगाडा आहे. 1992 मध्ये हॅरी नोलर यांनी रायबोसोममधील बहुतेक प्रथिने काढून टाकूनही पेप्टाइड बंध जोडण्याची क्षमता टिकते असे दाखवले. 2000 साली मोठ्या भागाची अणुपातळीवरील रचना मिळाली, तेव्हा बंध जिथे जोडला जातो त्या जागेभोवती सुमारे 18 अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधील अंतरे मोजण्याचे सूक्ष्म एकक) परिसरात प्रथिनाचा मागमूस नसल्याचे दिसले. तिथे केवळ आरएनए होता. म्हणजे रायबोसोम हे मुळात आरएनएचे विकर आहे आणि प्रथिने त्याला नंतर चिकटलेली असावीत. पृथ्वीवर प्रथिनांच्या आधी आरएनएवर चालणारे काही जैविक जग असावे, या मताला यातून मोठा आधार मिळाला.

रायबोसोमचा बडोद्याशी काय संबंध आहे?

रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल 2009 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना विभागून मिळाले. त्यांपैकी रामकृष्णन यांचा जन्म 1952 मध्ये तामिळनाडूतील चिदंबरम येथे झाला, पण त्यांचे बालपण आणि शिक्षण बडोद्यातच झाले. वडिलांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभाग उभारला आणि आईही वैज्ञानिक होत्या. मुलाने मात्र त्याच विद्यापीठातून 1971 मध्ये भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केले. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठात भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट मिळवल्यानंतर त्यांनी जीवशास्त्र नव्याने, विद्यार्थ्यासारखे, शिकायला घेतले आणि येल विद्यापीठात पीटर मूर यांच्याबरोबर ते रायबोसोमकडे वळले.

पुढे केंब्रिजमधील प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस थर्मोफिलस या जिवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग स्फटिकरूपात आणून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील अणूंच्या जागा ठरवल्या. कोडॉन-प्रतिकोडॉनची जुळणी बरोबर असेल तेव्हा लहान भागातील आरएनएची काही ठरावीक अक्षरे बाहेर वळतात आणि त्या जुळणीच्या पहिल्या दोन जोड्या चाचपून पाहतात, हे त्यांच्या गटाने दाखवले. तिसऱ्या जोडीबाबत ढिलाई चालते. एकच टीआरएनए एकाहून अधिक कोडॉन वाचू शकतो, ही गोष्ट क्रिक यांनी 1966 मध्ये केवळ तर्काने मांडली होती, तिचे कारण असे रचनेत दिसले. शहराला त्यांचा अभिमान वाटावा हे साहजिक आहे, मात्र आमच्या मुलांना त्यात अधिक उपयोगी वाटावी ती त्यांची विषय बदलण्याची तयारी.

जिवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग 30एस आणि मोठा 50एस, म्हणजे मिळून 80 व्हायला हवेत. मग पूर्ण रायबोसोम 70एस कसा?

एस हे स्वेडबर्ग या एककाचे चिन्ह आहे आणि ते वजन दाखवत नाही. वेगाने फिरणाऱ्या यंत्रात कण किती लवकर तळाशी बसतो हे ते सांगते. तो वेग वजनाबरोबर आकारावरही अवलंबून असतो, म्हणून बेरीज जुळत नाही. आपल्या पेशींत 40एस आणि 60एस मिळून 80एस होतो.

एक प्रथिन तयार व्हायला किती वेळ लागतो? आणि चुका होत नाहीत का?

जिवाणूचा रायबोसोम सेकंदाला साधारण 15 ते 20 अमिनो आम्ले जोडतो. आपल्या पेशींतील वेग सेकंदाला सुमारे पाच-सहा इतका असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले आहेत, तेव्हा ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास पूर्ण होते. स्नायूंतील टायटिन हे 34,000 च्या आसपास अमिनो आम्लांचे प्रथिन असल्याने त्याला याच वेगाने जवळजवळ दोन तास लागतील. जिवाणूंमध्ये प्रतिलेखनाचा वेग सेकंदाला 40 ते 50 अक्षरे, म्हणजे सुमारे 15 कोडॉन असतो. प्रत काढणारा आणि वाचणारा असे दोघे जवळपास एकाच चालीने पुढे जातात.

चुका होतात. साधारणपणे हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एखादे चुकीचे बसते. डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुकांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे, पण बिघडलेले प्रथिन मोडून टाकता येते आणि पुढच्या पिढीकडे जात नाही. अचूकता वाढवायची तर वेग कमी करावा लागतो. पेशीने इथे मधला मार्ग पत्करलेला दिसतो.

साखळी तयार झाली की प्रथिन तयार झाले असे म्हणता येईल का?

नाही. साखळीला नेमकी घडी पडावी लागते. क्रिस्टियन अँफिन्सन यांनी दाखवले की लहान प्रथिनांच्या बाबतीत घडीची सारी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते. त्यांना 1972 चे नोबेल मिळाले. तरीही पेशीतील गर्दीत अर्धवट साखळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून चॅपरोन नावाची सहायक प्रथिने त्यांना सांभाळतात.

इन्सुलिन हे घरोघरी ओळखीचे उदाहरण आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशीत रायबोसोमवर ते 110 अमिनो आम्लांच्या साखळीच्या रूपात तयार होते. पहिली 24 अमिनो आम्ले म्हणजे जणू पत्ताच असतो. तो पाहून ही साखळी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पडद्यांच्या जाळ्यात, ढकलली जाते आणि तिथे तो तुकडा कापला जातो. उरलेल्या 86 अमिनो आम्लांना घडी पडते, तीन डायसल्फाइड बंध जुळतात आणि मग मधला भाग कापून काढला जातो. शेवटी 21 आणि 30 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या राहतात, हेच 51 अमिनो आम्लांचे इन्सुलिन. मधला कापलेला सी-पेप्टाइड हा तुकडाही इन्सुलिनबरोबर रक्तात सोडला जातो. म्हणूनच बाहेरून इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवते हे पाहण्यासाठी डॉक्टर सी-पेप्टाइडची तपासणी सांगतात. इंजेक्शनमधील इन्सुलिनात तो तुकडा नसतो. प्रथिनांवर अशा पत्त्यांच्या खुणा असतात हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना 1999 चे नोबेल मिळाले.

सिकल सेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी बदल होतो असे एका पुस्तकात आहे आणि सातव्या जागी असे दुसऱ्यात. बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर आहेत, मोजणी वेगळी आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी सुरू होताना तिच्या टोकाला एयूजीमुळे आलेले मेथिओनिन असते आणि ते नंतर काढून टाकले जाते. ते धरून मोजले तर बदल सातव्या जागी येतो, सोडून मोजले तर सहाव्या जागी. जुन्या पुस्तकांत सहावी जागाच दिलेली असते.

बदल एका अक्षराचा आहे. जीएजी हा कोडॉन जीयूजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. व्हॅलिनचा पाण्याशी मेळ नसल्याने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. छोटा उदेपूर, नर्मदा, भरूच यांसारख्या बडोद्याच्या आसपासच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आढळतो. भारत सरकारने जुलै 2023 मध्ये सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून विवाहापूर्वी तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.

अँटिबायोटिक्सचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा. जिवाणूचा रायबोसोम आणि आपला रायबोसोम यांच्यात पुरेसा फरक असल्यामुळे एकाला अडवून दुसऱ्याला मोकळे ठेवणारी औषधे शक्य झाली. डॉक्सीसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील औषधे लहान भागाच्या ए जागेत टीआरएनएला बसू देत नाहीत. क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन लहान भागाला चिकटून वाचनात चुका घडवते. क्लोरॅम्फेनिकॉल बंध जोडण्याच्या जागीच बसते, तर ॲझिथ्रोमायसिन नवी साखळी ज्या बोगद्यातून बाहेर पडते तोच अडवते. पेनिसिलिनचा मात्र रायबोसोमशी संबंध नाही, ते जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही.

विषाणूंकडे स्वतःचा रायबोसोम नसतो, ते आपलाच वापरतात. सर्दी किंवा फ्लूवर अँटिबायोटिक का चालत नाही, याचे हे एक सरळ कारण आहे. दुसरीकडे, आपल्या पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचे (मायटोकाँड्रिया) रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात. ॲमिकॅसिनसारख्या औषधांनी काही रुग्णांच्या श्रवणशक्तीवर परिणाम होतो, त्यामागे हे साम्य एक कारण आहे. तंतुकणिकांत सामान्य तक्त्यापेक्षा थोडा वेगळा कोडही चालतो. माणसात तिथे यूजीए ही थांबण्याची खूण नसून तिचा अर्थ ट्रिप्टोफॅन होतो.

एरंडाच्या बिया विषारी असतात असे ऐकतो. मग एरंडेल कसे चालते?

गुजरातेत हा प्रश्न हमखास येतो, कारण देशातील एरंडाचे बहुतांश उत्पादन याच राज्यात होते. बीमध्ये रायसिन नावाचे प्रथिन असते. त्याचा एक भाग पेशीला चिकटून आत शिरण्याची सोय करतो आणि दुसरा भाग रायबोसोमच्या मोठ्या भागातील आरएनएच्या हजारो अक्षरांपैकी नेमके एक ॲडेनीन कापून टाकतो. एवढ्याने तो रायबोसोम कायमचा निकामी होतो, आणि रायसिनचा एक रेणू मिनिटाला हजाराहून अधिक रायबोसोम बाद करू शकतो. झाड स्वतः वाचते, कारण हे प्रथिन तिथे निष्क्रिय रूपात तयार होऊन वेगळ्या कप्प्यात साठवले जाते. रायसिन तेलात विरघळत नाही आणि उष्णतेने निकामी होते, त्यामुळे औषधी दर्जाच्या एरंडेलात ते नसते. ते पेंडीत राहते. चावलेल्या बियांनी विषबाधा होऊ शकते, म्हणून अंगणात एरंड असेल तर लहान मुलांच्या हाती बिया लागू देऊ नयेत.

एमआरएनए लस आपल्या जनुकांत बदल करते का?

करत नाही. लशीतील एमआरएनए पेशीरसात पोहोचतो, केंद्रकात जात नाही. रायबोसोम त्याला इतर कोणत्याही संदेशासारखा वाचून विषाणूचे एक प्रथिन बनवतात, प्रतिकारयंत्रणा ते ओळखायला शिकते आणि संदेश काही दिवसांत मोडून जातो. बाहेरचा आरएनए आला की पेशी खवळून उठते, ही अडचण यू या अक्षरात किंचित रासायनिक बदल करून कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी सोडवली. त्यांचा तो शोधनिबंध 2005 चा आहे आणि नोबेल 2023 चे.

शरीर प्रथिने बनवतच असते, तर आहारातून रोज का घ्यावी लागतात?

कारण बनवण्याइतकेच मोडण्याचेही काम सतत चालू असते. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण 250 ते 300 ग्रॅम प्रथिने मोडून नव्याने बनतात. खराब झालेल्या किंवा काम संपलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण चढवली जाते आणि प्रोटिॲसोम हे पेशीतील यंत्र त्या प्रथिनांचे तुकडे करते. या शोधासाठी 2004 चे नोबेल देण्यात आले. सुटी झालेली बरीचशी अमिनो आम्ले पुन्हा वापरली जातात, पण काही जळून जातात आणि त्यांतील नायट्रोजन युरियाच्या रूपात बाहेर पडतो. ती तूट आहारातून भरावी लागते. निरोगी प्रौढांसाठी शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅमची आहे.

तूट केवळ वजनाची नसते. 20 पैकी नऊ अमिनो आम्ले माणसाला स्वतः तयार करता येत नाहीत आणि त्यांपैकी एक जरी कमी पडले तरी रायबोसोम त्या कोडॉनवर खोळंबतात, बाकीची कितीही शिल्लक असली तरी. तांदूळ आणि गव्हात लायसिन कमी असते, तुरीच्या डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन कमी आणि धान्यात तुलनेने अधिक असते. वरण-भात किंवा आमटी-पोळी एकत्र खाल्ल्याने दोन्ही बाजूंची उणीव भरून निघते, आणि दोन्ही पदार्थ एकाच घासात असण्याचीही गरज नाही, दिवसभराच्या जेवणात आले तरी पुरते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण किंवा प्रथिनांची पावडर डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, कारण त्यांच्या शरीरातून युरिया बाहेर टाकण्याची क्षमता आधीच कमी झालेली असते.